कसारा मार्गावरची कॉलेजे आणि न आलेले विद्यार्थी

कल्याण ते वाशिंद हा लोहमार्ग १ ऑक्टोबर १८५५ रोजी सुरू झाला. खडवली स्थानक आज याच मार्गावर, टिटवाळा आणि वाशिंदच्या मधे आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ची. म्हणजे भातसा नदीकाठच्या या गावाच्या शिवारातून आगगाडी जाऊ लागली तेव्हा मुंबईत विद्यापीठच नव्हते. ते झाले तेव्हा त्याच्या कॉलेजांपर्यंत नेणारी वाट मात्र तयार होती. पुढची शंभरेक वर्षे या मार्गावरच्या गावांतून ज्याला पदवीपर्यंत शिकायचे असेल त्याला याच रुळांवरून मुंबई गाठावी लागली. खडवलीहून बोरीबंदर सत्तर किलोमीटरच्या आसपास, लोकलने पावणेदोन-दोन तास. ज्याला पाहता येते, ऐकता येते, गर्दीत दांडी धरून उभे राहता येते, त्याच्यासाठी हे अंतर कष्टाचे होते, पण कापण्याजोगे होते. ज्याला यातले एखादे जमत नव्हते, त्याच्यासाठी कॉलेज असून नसल्यासारखेच होते. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाचा इतिहास आपण बहुधा कायद्यांच्या तारखांनी सांगतो: १९९५चा कायदा, २०१६चा कायदा, आधी तीन टक्के जागा, मग पाच टक्के. खडवलीच्या फलाटावरून पाहिले तर तो वेगळा दिसतो. या मुलांना कॉलेजात नेण्याचे काम राखीव जागांनी फार थोडे केले. ते केले वाचण्याच्या, लिहिण्याच्या आणि पोचण्याच्या साधनांनी. आणि ही साधने गेल्या सव्वाशे वर्षांत रेल्वेच्या मुंबईकडच्या टोकाला साचत गेली. जागा गावोगावच्या कॉलेजांत राखीव झाल्या, साधने तिथेच राहिली. जागा रिकाम्या राहण्याचे मूळ मला या फारकतीत दिसते.

सुरुवात शाळांपासून करावी लागते, कारण कॉलेजच्या दाराशी कोण पोचणार हे शाळेतच ठरत होते. कर्णबधिरांसाठी मुंबईत पहिली शाळा १८८०च्या दशकात कॅथलिक बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने निघाली. देशातली ती पहिली शाळा मानली जाते. १९०० साली, दुष्काळाने पोरक्या केलेल्या मुलांचा प्रश्न समोर असताना, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. दादरची कमला मेहता अंध शाळा ती हीच. १९०२मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंध शाळा आली. पुण्यात अंधांसाठीची शाळा १९३४ची. या संस्था दानधर्मावर उभ्या होत्या आणि त्यांचा हेतू सरळ होता: मूल भिकेला लागू नये, हाताला काम मिळावे. म्हणून अक्षरओळखीच्या जोडीने वेताच्या खुर्च्या विणणे, हातमाग, संगीत असे शिक्षण असे. खुर्ची विणणारा मुलगा चौकटीची भोके बोटांनी मोजतो, वेत ओवतो, तिरक्या पट्टीची वीण नुसत्या स्पर्शाने जुळवतो. हे कसब खरे होते आणि त्यावर अनेकांची घरे चालली. त्या काळाच्या मानाने त्या चालकांना दोष देण्याचे कारण नाही. पण या व्यवस्थेत कॉलेज हा शब्दच नव्हता. अंध मुलाचे शिक्षण कारखान्याच्या दिशेने जाई, विद्यापीठाच्या दिशेने नव्हे, आणि ही दिशा एकदा बसली की ती बदलायला पुढे दोन-तीन पिढ्या लागल्या.

दुसरी गोष्ट या शाळांच्या जागेची. त्या मुंबईत किंवा पुण्यात होत्या, आणि लांबून येणाऱ्या मुलासाठी वसतिगृह हाच मार्ग होता. ठाणे जिल्ह्याच्या आतल्या गावातल्या आईबापांपुढे दोनच वाटा होत्या: सहा-सात वर्षांचे मूल वसतिगृहात ठेवायचे, नाहीतर घरी बसवायचे. बहुतेकांनी काय केले असेल हे सांगायला आकडेवारीची गरज नाही. दूरच्या शाळेची वार्ता गावापर्यंत पोचत नसे, पोचली तरी शहरात कुणी ओळखीचे नसे. मुलगी असेल तर प्रश्नच मिटला. जी मुले गेली त्यांचा गावाशी संबंध सुट्टीपुरता उरला. दहावी झाल्यावर ती परत आली तर गावात त्यांना वाचून दाखवणारे, त्यांचे लिहून घेणारे कुणी नव्हते. मुंबईत राहिली तर डोक्यावर छप्पर नव्हते, कारण वसतिगृह शाळेचे होते, कॉलेजचे नव्हते. दहावी आणि अकरावीच्या मधली ही फट सगळ्यांत खोल आहे. पुढच्या प्रत्येक सुधारणेकडे पाहताना एकच विचारावे लागते: तिने ही फट बुजवली की तिच्यावर नुसता पाट टाकला?

स्वातंत्र्यानंतर साधनांची जमवाजमव सुरू झाली. १९५१पर्यंत देशात ब्रेलच्या अनेक लिपी चालत; त्या साली भारती ब्रेल ही समान लिपी ठरली आणि डेहराडूनला सरकारी ब्रेल छापखाना निघाला. १९५२ साली मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे नॅब, स्थापन झाली. १९५०च्या दशकात केंद्र सरकारने दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. टपाल खात्याने अंधांसाठीचे साहित्य मोफत नेण्याची सोय ठेवली, म्हणजे मुंबईच्या ग्रंथालयातले ब्रेल पुस्तक खडवलीच्या टपाल कार्यालयात पैसा न मोजता येऊ शकत होते. ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण सगळ्या इतिहासात गावाकडे तोंड असलेली अशी एखाद-दुसरीच सापडते. पण पदवीची क्रमिक पुस्तके ब्रेलमध्ये जवळजवळ नव्हतीच. छापील पुस्तकाचे ब्रेलमध्ये कित्येक जाड खंड होतात, अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो, आणि एका विद्यापीठातल्या मूठभर विद्यार्थ्यांसाठी अर्थशास्त्राचे पुस्तक ब्रेलमध्ये छापणे कुणालाच परवडत नव्हते. त्यामुळे कॉलेजातल्या अंध मुलाचे खरे पुस्तक म्हणजे वाचून दाखवणारा माणूस. तो कधी वर्गमित्र, कधी बहीण, कधी निवृत्त शिक्षक. पुढे टेप आणि कॅसेट आल्या, संस्थांनी बोलक्या पुस्तकांची ग्रंथालये उघडली, आणि आवाज साठवता येऊ लागला. वाचक स्वयंसेवक, ध्वनिमुद्रणाची खोली, कॅसेटची देवघेव हे सारे मुंबईत उभे राहिले. आवाज साठला, पण वाटप तिथल्या तिथेच झाले.

यानंतर जे घडले ते मला या विषयातले सगळ्यांत बोलके वाटते. कॉलेजेच मुंबईतून बाहेर सरकली. १९६९मध्ये ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाची महाविद्यालये सुरू झाली, १९७२मध्ये कल्याणला बिर्ला महाविद्यालय. उल्हासनगर, डोंबिवली, शहापूर इथेही कॉलेजे झाली. सर्वसाधारण विद्यार्थ्यासाठी सत्तर किलोमीटरचे अंतर वीसवर आले. खडवलीच्या मुलीला कॉलेज चार स्थानकांवर, कल्याणला आले आणि घरच्यांनी तिला पाठवायला हो म्हणण्यात या अंतराचा वाटा मोठा होता. दिव्यांग मुलांना मात्र हे अंतर कमी झाल्याचा फायदा मिळाला नाही. इमारत जवळ आली, पण वाचक, ब्रेल, लेखनिक मिळवून देणारी संस्था, खुणांच्या भाषेचा दुभाषी यांतले काहीच इमारतीबरोबर आले नाही. जवळच्या कॉलेजात जावे तर साधने नाहीत, साधने आहेत तिथे जावे तर प्रवास. या पेचातून वाट काढलेल्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण कल्याणच्या शेजारचेच आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. शालेय शिक्षण दादरच्या कमला मेहता शाळेत झाले, बारावी उल्हासनगरच्या चांदीबाई कॉलेजातून, पदवी मुंबईच्या सेंट झेवियर्समधून. त्या काळात त्या रोज उल्हासनगर ते सीएसटी लोकलने ये-जा करत. पुढे दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, मग नागरी सेवा परीक्षा. पहिल्या यशानंतर रेल्वेच्या लेखा सेवेत त्यांची निवड झाली, पण पूर्ण अंधत्वाचे कारण देऊन नेमणूक नाकारली गेली. पुढच्या परीक्षेत त्यांनी १२४वा क्रमांक मिळवला आणि देशातल्या पहिल्या दृष्टिहीन महिला आयएएस अधिकारी म्हणून त्या केरळात रुजू झाल्या.

अशा उदाहरणाचा उपयोग दोन्ही बाजूंनी होतो, आणि त्यातला एक घातक आहे. जिद्द असेल तर सगळे जमते, मग व्यवस्थेला कशाला दोष द्यायचा, असे म्हणणारे पुष्कळ असतात. प्रांजल पाटील यांची जिद्द निर्विवाद आहे. पण त्यांच्या वाटेवरचे टप्पे एकेक करून पाहिले तर जिद्दीच्या बरोबरीने काय काय हाताशी होते ते दिसते: विशेष शाळेचे पक्के ब्रेल, बारावीला घराजवळचे कॉलेज, पदवीला अशी संस्था जिथे दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र होते, संगणकावर मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली, आणि रोज रस्ता ओलांडून देणारी, गाडीत चढवून देणारी अनोळखी माणसे. यातली शेवटची गोष्ट नशिबावर सोडलेली होती. बाकीच्या कुणी ना कुणी उभ्या केलेल्या होत्या. यातली एक कडी काढून टाका, आणि तेवढीच जिद्द असलेली मुलगी बारावीवर थांबेल. अशा थांबलेल्या मुलींची नावे कुठल्याच वर्तमानपत्रात येत नाहीत, म्हणून त्या नव्हत्याच असे मानण्याची चूक आपण करतो.

लोकलमधल्या राखीव डब्याचे महत्त्वही इथेच आहे. अपंग डबा ही मुंबईच्या उपनगरी रेल्वेची खरोखर मोठी सोय, आणि ती मिळवण्यासाठी व सुधारण्यासाठी संघटनांना अर्ज-विनंत्यांपासून उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तो डबा फलाटावर नेमका कुठे येतो हे दृष्टिहीनाला कळावे म्हणून अनेक स्थानकांवर आवाज देणारी यंत्रे बसवली गेली. पण कल्याणच्या पुढचे चित्र वेगळे. कसाऱ्याकडे गाड्या मुळात कमी; तिसऱ्या मार्गिकेचे काम वर्षानुवर्षे चाललेले; एक गाडी चुकली की पुढच्या गाडीची वाट पाहण्यात पहिले व्याख्यान बुडते. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाला फलाट आणि डबा यांच्यातली फट, पादचारी पुलाच्या पायऱ्या, आणि डब्यात आधीच घुसलेली धडधाकट माणसे असे तीन अडथळे एकापाठोपाठ पार करायचे असतात. कॉलेजच्या दारात उतार बांधला की पोहोच झाली असे मानणाऱ्या नियमावलीला खडवली स्थानकाचा पूल दिसत नाही.

आता सवलतींकडे वळायला हवे, कारण या इतिहासातला सगळ्यांत गुंतागुंतीचा भाग तोच आहे. सवलती दोन जातीच्या असतात. एक साधन पुरवते: लेखनिक, जादा वेळ, मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका. दुसरी विषयच काढून घेते. महाराष्ट्राच्या बोर्डाने कर्णबधिर विद्यार्थ्यांना तीनऐवजी एकाच भाषेची मुभा दिली. काही दिव्यांगत्व असलेल्यांना दहावीच्या बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित घेता येते. हेतू चांगला होता. या सवलतींशिवाय हजारो मुले दहावी झालीच नसती, हा आक्षेप कुणी घेतला तर तो खरा मानला पाहिजे. पण त्याच सवलतीचा पुढचा टप्पा पाहा. एकट्या मराठीवर दहावी झालेली कर्णबधिर मुलगी कल्याणच्या कॉलेजात वाणिज्य शाखेला येते तेव्हा पुस्तक इंग्रजी, व्याख्यान मराठी-हिंदी-इंग्रजीच्या मिसळीतले, आणि ओठांवरून समजून घ्यावे तर प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून उभे. गणित सोडलेल्या मुलासाठी विज्ञान, अभियांत्रिकी, बऱ्याचशा तंत्रशाखा पंधराव्या वर्षीच मिटतात, आणि त्या मिटल्या हे घरच्यांना दोन वर्षांनी प्रवेशाच्या वेळी कळते. विषय काढून घेणारी सवलत स्वस्त असते: शिक्षक नेमावा लागत नाही, स्पर्शाने वाचायच्या आकृत्या कराव्या लागत नाहीत, फक्त एक शासन निर्णय काढावा लागतो. साधन पुरवणारी सवलत महाग असते. म्हणून पहिली पसरली, दुसरी रेंगाळली. सवलत बंद करा असे मी म्हणत नाही. विषय शिकवण्याची प्रामाणिक खटपट झाल्यावरच ती द्यावी, आणि देताना पुढे कोणती दारे बंद होतात ते आईबापांना लेखी सांगावे, एवढे म्हणतो. २०१०मध्ये मुंबईतल्या एका दृष्टिहीन विद्यार्थिनीला फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमाचे दार उघडून घेण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. ती शिकली आणि फिजिओथेरपिस्ट झाली. अंध माणसाला हे जमणार नाही असे ज्यांनी ठरवले होते, त्यांनी ते कुणाला करून पाहू न देताच ठरवले होते.

कायद्यांची गोष्ट थोडक्यात सांगता येते. १९९५चा अपंग व्यक्तींचा कायदा फेब्रुवारी १९९६पासून लागू झाला. सरकारी आणि अनुदानित शिक्षणसंस्थांत तीन टक्के जागा राखीव झाल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने विशेष गरजा असलेल्यांच्या उच्च शिक्षणासाठी योजना आणली, कॉलेजांना केंद्रे आणि उपकरणे यांसाठी पैसे देऊ केले. २०१६चा कायदा एप्रिल २०१७पासून अमलात आला: दिव्यांगत्वाचे प्रकार २१ झाले, उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सूट आली. डिसेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व संस्थांना या पाच टक्क्यांची अंमलबजावणी करायला सांगितले. कागदावर यापेक्षा जास्त मागायला फारसे उरत नाही. आणि वस्तुस्थिती? २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, महाराष्ट्रात साडे-एकोणतीस लाखांहून अधिक; देशभरात त्यांतले पदवीपर्यंत किंवा त्यापुढे पोचलेले साधारण पाच टक्के. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१मध्ये देशात ४ कोटी १४ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते, त्यांत दिव्यांग ७९,०३५. हजारी दोनसुद्धा नाहीत. आदल्या वर्षी ते ९२,८३१ होते. ज्या करोनाच्या वर्षात एकूण विद्यार्थीसंख्या वाढली, त्याच वर्षात दिव्यांगांची कमी झाली. कायद्याचा शब्द बदलला नव्हता, जागा तेवढ्याच राखीव होत्या. काय हरवले? वसतिगृहे मिटली, वाचक भेटेनासे झाले, लोकल बंद झाली, व्याख्यान पडद्यावर गेले आणि पडदा या मुलांसाठी केलेला नव्हता. साधने एका वर्षापुरती काढून घेतली तर राखीव जागेचे काय होते, याचे यापेक्षा स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही.

ऑनलाइन शिक्षणाने अंतराचा प्रश्न सुटेल असे म्हणणाऱ्यांना याच आकड्यात उत्तर आहे, तरी तो मुद्दा नीट तपासण्याजोगा आहे. मुक्त विद्यापीठाने, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण विद्यापीठाने १९८९पासून, घरी राहून शिकण्याची वाट अनेकांना दिली आणि अनेक दिव्यांगांना पदवी मिळाली ती त्या वाटेने. तिचा मान ठेवूनही प्रश्न उरतो: ती निवड आहे की उरलेला एकच पर्याय? कॉलेज म्हणजे केवळ अभ्यासक्रम नव्हे. वर्गमित्र, वाद, निवडणुका, एनएसएसचे शिबिर, पुढे नोकरीत उपयोगी पडणाऱ्या ओळखी हेही कॉलेजच. धडधाकट मुलाला हे सगळे आणि दिव्यांग मुलाला टपालाने आलेली पुस्तके, अशी वाटणी कुणी मुद्दाम केली नाही, पण सोय पाहत गेल्याने ती झाली. शिवाय पडदा हे साधन आपोआप सर्वांचे होत नाही. एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर २००६पासून आहे. परदेशी महागड्या प्रणालीवाचून गावातला मुलगाही ते वापरू शकतो. मराठीही त्यात वाचता येते, पण फक्त युनिकोडमधली. आपली बरीचशी मराठी पुस्तके, नोट्स आणि जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी, योगेशसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या. डोळ्याला स्वच्छ मराठी दिसते. सॉफ्टवेअरला तीच ओळ इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हांची निरर्थक रांग वाटते, आणि ते तसेच वाचत सुटते. स्कॅन करून पाठवलेली पाने तर त्याच्या लेखी नुसती चित्रे. २०१२मध्ये कॉपीराइट कायदा बदलून दिव्यांगांसाठी वाचनीय प्रती करायला परवानगी मिळाली. अशाच प्रतींविषयीचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार २०१४मध्ये मान्य करणारा भारत पहिला देश ठरला. कायद्याने अडसर काढला, आणि कॉलेजच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स अजून जुन्याच फॉन्टमध्ये आहेत. हे दुरुस्त करायला निधी लागत नाही, फक्त प्राध्यापकाने टंकलेखकाला एक वाक्य सांगावे लागते.

परीक्षेचा प्रश्न मात्र एका वाक्याने सुटणारा नाही. तीन तासांच्या पेपरला तासामागे वीस मिनिटे असा एक तास जादा, आणि लिहून घ्यायला लेखनिक, असा नियम केंद्राच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट झाला. त्या तासांत काय चालते ते बारकाईने पाहिले तर जादा वेळ ही मेहेरबानी वाटणार नाही. विद्यार्थी मनात उत्तर जुळवतो, वाक्य बोलतो, लेखनिकाचा हात पोचेपर्यंत थांबतो, अवघड नाव अक्षर फोडून सांगतो, परिच्छेद कुठे तोडायचा ते सांगतो, आधीच्या पानावर काय लिहिले होते ते वाचून दाखवायला सांगतो, आणि या साऱ्यात पुढचे वाक्य डोक्यात धरून ठेवतो. लेखनिक कमी शिकलेला हवा, या अटीमुळे तो तांत्रिक शब्द पहिल्यांदाच ऐकत असतो. सगळ्यांत मोठे संकट लेखनिक ऐन वेळी न येण्याचे. दुसऱ्याच्या मुलालाही परीक्षा असते, ताप येतो, गाडी चुकते. मुंबईत लेखनिकांच्या याद्या ठेवणाऱ्या संस्था आणि गट आहेत. कसारा मार्गावर विद्यार्थ्याने स्वतःच शेजारीपाजारी विचारत फिरायचे. सवलतींमुळे दर्जा घसरतो, खोटी प्रमाणपत्रे आणली जातात, हा आक्षेप प्रामाणिकपणे घेणारे शिक्षक आहेत आणि गैरवापराची प्रकरणे घडतातही. पण तोडगा प्रमाणपत्राची तपासणी नीट करण्यात आहे. प्रत्येक खऱ्या विद्यार्थ्याला संशयित धरले की त्यात तोच भरडला जातो, खोटे प्रमाणपत्र आणणाऱ्याच्या घरी वकील आणि ओळख दोन्ही असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये विकास कुमार प्रकरणात लेखनिक हा हक्क चाळीस टक्के दिव्यांगत्वाच्या मापाला बांधता येत नाही असे सांगितले. लिहिताना हात आकडणाऱ्या उमेदवाराची ती लढाई होती. ऑक्टोबर २०२४मध्ये महाराष्ट्रातल्या ओमकार गोंड या विद्यार्थ्याच्या प्रकरणात वैद्यकीय शिक्षणाबाबतही तेच तत्त्व पुढे नेले: टक्केवारी पाहून दार लावू नका, हा विद्यार्थी प्रत्यक्ष काय करू शकतो ते तपासा. दर्जा राखण्याची याहून चांगली रीत कोणती?

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचा इतिहास याहून तोकडा. महाराष्ट्राने १९९०च्या दशकात त्यांच्यासाठी सवलती द्यायला सुरुवात केली, आणि १९९६मध्ये मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. पण निदानाची प्रमाणपत्रे दीर्घकाळ मुख्यतः मुंबईतल्या मोजक्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांतूनच मिळत. इंग्रजी माध्यमातली, शहरातली, जाणत्या पालकांची मुले तिथे पोचली. मराठी माध्यमातला, खेड्यातला, अक्षरे उलटसुलट होणारा मुलगा ढ ठरला आणि आठवी-नववीत शाळेबाहेर पडला. बौद्धिक अक्षमता असलेल्यांचे तर इथे सांगण्याजोगे फारसे नाहीच. जय वकील शाळा १९४४ची, मिठू अलूर यांची स्पास्टिक्स सोसायटी १९७२ची. दोन्हींचे काम मोठे. पण अठराव्या वर्षानंतर काय, या पालकांच्या प्रश्नाला कॉलेज नावाच्या व्यवस्थेने आजवर उत्तर दिलेले नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप शेवटी घेतो, कारण तो या विषयात काम करणाऱ्यांकडूनच येतो. सेंट झेवियर्समध्ये २००३ साली दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र सुरू झाले, रुईयामध्येही तसे केंद्र आहे. तिथे तज्ज्ञ आहेत, यंत्रे आहेत, अनुभव आहे. कल्याणच्या किंवा शहापूरच्या कॉलेजात एखादा-दुसरा दृष्टिहीन विद्यार्थी. त्याच्यासाठी तिथे केंद्र काढणे म्हणजे पैसा वाया घालवणे. त्यापेक्षा साधने मोजक्या ठिकाणी एकवटू द्या आणि मुलांना तिथे जाऊ द्या, असे ते म्हणतात. या केंद्रांनी जे केले त्याबद्दल मला आदर आहे. तरी हा युक्तिवाद १९००च्या वसतिगृहशाळेचाच आहे, फक्त आता मूल सोळा वर्षांचे आहे. एकवटण्याचा खर्च संस्थेच्या हिशेबात दिसत नाही, कारण तो रोजच्या चार तासांच्या प्रवासाने, भाड्याच्या खोलीने आणि न पाठवलेल्या मुलींनी भरलेला असतो. आणि एकच विद्यार्थी आहे हे कारण गोल फिरते: साधने नाहीत म्हणून विद्यार्थी येत नाही, विद्यार्थी नाही म्हणून साधने येत नाहीत. ठाण्याच्या महाविद्यालयांनीही १९६९मध्ये आधी विद्यार्थी मोजून मग वर्ग बांधले नव्हते. वर्ग बांधले आणि मुंब्रा-बदलापूरपासूनची मुले आली.

एकवटणे आणि विखुरणे यांत मधली वाटही आहे. तज्ज्ञ आणि यंत्रे मुंबईत राहोत. पण कल्याणमध्ये चार-पाच कॉलेजांनी मिळून एक माणूस नेमावा, ज्याचे काम एवढेच असेल: ठाणे-कसारा-कर्जत पट्ट्यातल्या लेखनिकांची यादी ठेवणे, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात राखीव लेखनिक ठरवून ठेवणे, नोट्स युनिकोडमध्ये करून घेणे, जुनी पुस्तके मुंबईच्या केंद्राकडून वाचनीय करून मागवणे, आणि दर जूनमध्ये या भागातल्या विशेष शाळा व समावेशित वर्गांत दहावी झालेल्या प्रत्येक मुलाच्या घरी जाणे. शेवटचे काम सगळ्यांत महत्त्वाचे, कारण दहावी-अकरावीच्या फटीत कोण पडले ते आज कुणीच मोजत नाही. राज्यात डिसेंबर २०२२पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. अशी नेमणूक त्याच्या अधिकारात सहज बसते. खर्च म्हणाल तर एका पगाराचा, प्रवासभत्त्याचा आणि एका फोनचा. त्या माणसाला पहिल्याच जूनमध्ये टिटवाळा, खडवली, वाशिंद, आसनगाव अशी स्थानके एकेक करून उतरावी लागतील, आणि प्रत्येक गावात आधी अंगणवाडीत, मग आशा कार्यकर्तीकडे विचारावे लागेल की या घरांत अशी मुले कोणती आहेत, कारण ती माहिती आज फक्त त्यांच्याकडे आहे.